साहेब, पोच द्या

२०२३ च्या मे महिन्यात मी बुटीबोरीहून गावी गेले, तर पुढच्या खोलीत बाबांची खाट नव्हती. खोली छतापर्यंत कापसानं भरलेली. खाट अंगणात, आणि खाटेवर बाबा हातापायांना खोबरेल चोळत बसलेले. घरात कापूस फार दिवस राहिला की अंगाला खाज सुटते, झोप लागत नाही. आदल्या वर्षी क्विंटलला भाव दहा हजारांच्या वर गेला होता. यंदाही जाईल म्हणून अख्ख्या जिल्ह्यात लोकांनी कापूस घरातच दाबून ठेवला. भाव काही गेला नाही. सात-साडेसातच्या आसपास रेंगाळत बसला.

माझ्या शैक्षणिक कर्जाचे एप्रिल आणि मेचे हप्ते त्याच कापसातून निघायचे होते.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात. पाच एकर, सगळं कोरडवाहू. पऱ्हाटी, तूर, थोडं सोयाबीन. मी २०१७ मध्ये इंजिनिअरिंगला लागले. यवतमाळवाल्यांना ते साल सांगावं लागत नाही. बोंडअळीनं बोंडं आतून पोखरली होती, आणि फवारणीच्या विषबाधेनं जिल्ह्यात माणसं गेली होती. फीचे पैसे घरात असण्याचा प्रश्नच नव्हता. बँकेतून चार लाख मंजूर झाले, वर्षाला एक लाख. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, बापाची सही लागते. बाबा सहकर्जदार झाले. सही करताना त्यांनी एकच विचारलं, "हे पीककर्जासारखंच असते नं?" साहेब म्हणाले, "हो, तसंच." मी पण मान हलवली. अठरा वर्षांची होते, मला तरी काय माहीत.

ते तसं नसतं. आमच्याकडे कर्ज म्हणजे पीककर्ज. ते कसं चालतं हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. वर्षाला नवं-जुनं करायचं, म्हणजे जुनं भरायचं आणि लगेच नवं उचलायचं. वेळेवर भरलं तर तीन लाखांपर्यंत व्याज जवळपास लागत नाही. अडकलं तर निवडणुकीची वाट पाहायची. २०१९ ची दोन लाखांपर्यंतची कर्जमाफी आमच्या गल्लीत चार घरांना मिळाली. त्यामुळे माझे हप्ते सुरू झाले तेव्हा मोठे बाबा सरळ म्हणाले, "कायले भरते पोरी? माफी येईन." ते वेड्यासारखं बोलत नव्हते. त्यांनी आयुष्यभर जे पाहिलं तेच बोलत होते. पण शैक्षणिक कर्ज महाराष्ट्राच्या कोणत्याच शेतकरी कर्जमाफीत बसलेलं नाही, आणि त्यावर व्याज मात्र शिकत असल्यापासूनच चढत असतं. कॉलेजची चार वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो. व्याज असतं.

माझाच आकडा सांगते. वर्षाला एक लाख, साडेदहा टक्के साधं व्याज. पहिल्या वर्षी १०,५००, मग २१,०००, मग ३१,५००, आणि शेवटची दोन वर्षं ४२,००० प्रमाणे. एकूण १,४७,०००. हप्ता सुरू झाला त्या दिवशी, जुलै २०२२ मध्ये, माझं कर्ज चार लाखांचं नव्हतं, ५,४७,००० चं होतं. बँकेनं पाच वर्षांची मुदत धरली, आणि हप्ता आला ११,७५७ रुपये.

मला तेव्हा नोकरीच नव्हती. कोविडातली बॅच. पहिले सहा हप्ते घरून गेले: तूर, आईची एक पोत, मामानं दिलेले वीस हजार. जानेवारी २०२३ मध्ये बुटीबोरीला एका कारखान्यात क्वालिटीला लागले. हातात १५,५००. तिघींत मिळून घेतलेल्या खोलीचे अडीच हजार, डबा, आणि उरलेलं सगळं बँकेला. असे तीन हप्ते मीच भरले. ते तीन महिने मी कसे काढले ते लिहीत नाही, आई हे वाचते. एप्रिलमध्ये खात्यात पैसे नव्हते. मेमध्येही.

मग जून आला. बाबांनी मार्चअखेरचं पीककर्ज भरलं नव्हतं, भाव यायची वाट पाहत. पेरणी तोंडावर आली तशी एका ओळखीच्या माणसाकडून पंधरा दिवसांच्या बोलीवर १,१०,००० घेतले, जुनं भरलं आणि नवं उचलायला काउंटरवर उभे राहिले. आमच्याकडे सगळे असंच करतात. त्या दिवशी मात्र साहेबांनी संगणकात पाहिलं आणि म्हणाले, "काका, तुमच्या मुलीचं कर्ज थकलंय. तुम्ही सहकर्जदार. सिबिल खराब दाखवतंय. नवं देता येणार नाही." सिबिल म्हणजे माणसानं कर्ज कसं फेडलं त्याची नोंद. सरकार दर खरिपाला बँकांना बजावतं की पीककर्जाला सिबिल मागू नका. ते पेपरात येतं. काउंटरवर येत नाही.

म्हणजे जुनं भरलेले पैसे बँकेत गेले, नवं मिळालं नाही, आणि ज्याच्याकडून घेतले तो माणूस पंधरा दिवसांनी दारात. बाबांनी मला फोन केला नाही. आईनं केला. रात्रपाळीत होते मी. ती एवढंच म्हणाली, "बाबा जेवले नाई आज."

त्या आठवड्यात मी दोन मूर्खपणाच्या जागी जाऊन आले. आधी त्याच सांगते, कारण आमच्यातले बहुतेक तिथेच जातात.

पहिली जागा, तालुक्याच्या बस स्टँडजवळचं एक दुकान. झेरॉक्स, रिचार्ज, फॉर्म भरून मिळतील. तिथला माणूस म्हणाला, आठ हजार दे, वर ओळख आहे, कर्ज अर्धं करून देतो. पावती मागितली तर हसला. दुसरी जागा म्हणजे फोन. थकबाकीचा मेसेज आला की आठ दिवसांत कुठून तरी अशा कंपन्यांना वास लागतो. एक बाई गोड आवाजात हिंदीत सांगत होती की हप्ते भरणं पूर्ण थांबवा, ते पैसे दर महिन्याला आमच्याकडे जमा करा, आम्ही वर्षभरानं बँकेशी सेटलमेंट करू, फी फक्त पंधरा टक्के. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. झोप नसली की माणूस कशालाही हो म्हणतं. सेटलमेंट झाली तर सिबिलवर 'सेटल्ड' असा शेरा वर्षानुवर्षं राहतो, आणि सहकर्जदाराच्या नावावरही राहतो, हे त्या बाईनं सांगितलं नाही. म्हणजे बाबांचं पीककर्ज पुढची कित्येक वर्षं असंच अडलं असतं.

नीट मदत मिळाली ती ग्रामपंचायतीच्या ओट्यावर. तीही योगायोगानं.

जूनच्या शेवटी गावात आर्थिक साक्षरतेचं शिबिर होतं. अशा शिबिरांना आमच्याकडे बचत गटाच्या बाया जातात, फोटो निघतो, चहा होतो, संपतं. आई गटात आहे, तिला जावंच लागतं. ती मला ओढून घेऊन गेली. प्रत्येक जिल्ह्यात एक अग्रणी बँक असते आणि तिचं आर्थिक साक्षरता केंद्र असतं, तिथं समुपदेशक बसतात, एक पैसा घेत नाहीत. हे मला इंजिनिअर होऊनही माहीत नव्हतं. आलेले काका निवृत्त बँकवाले होते. एटीएमचा पिन कुणाला सांगू नका वगैरे सांगून झालं. बाया उठल्या. आईनं मला ढोसलं. मी पासबुक पुढं केलं.

त्यांनी पासबुक पाहिलंच नाही. म्हणाले, "मंजुरीपत्र आण."

मंजुरीपत्र म्हणजे कर्ज मिळालं तेव्हाचं पत्र. घरी पत्र्याच्या पेटीत होतं, सातबारा आणि आठ-अच्या खाली. सहा वर्षांत मी ते एकदाही वाचलं नव्हतं. काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि बोट ठेवून ओळ न ओळ वाचली. मध्येच विचारलं, "उत्पन्नाचा दाखला दिला होता का?" दिला होता. तहसीलचा, वार्षिक पंच्याऐंशी हजारांचा. दरवर्षी शिष्यवृत्तीसाठी काढतच होते, बँकेतही एक प्रत देत होते.

"मंग बेटा, हे पाच वर्षांचं व्याज सरकारनं भरायचं होतं. तू कायले भरून राह्यली?"

ओट्यावर लिंबाची सावली होती. कुणाच्या तरी बकऱ्या पायरीवर चढत होत्या. मला ते वाक्य समजायला वेळ लागला.

केंद्र सरकारची व्याज अनुदान योजना २००९-१० पासून आहे. घरचं उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांच्या आत असेल, कोर्स व्यावसायिक किंवा तांत्रिक असेल आणि कर्ज बँकांच्या संघटनेनं आखलेल्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेखालचं असेल, तर शिकण्याच्या काळाचं आणि त्यानंतरच्या सुटीच्या काळाचं पूर्ण व्याज सरकार भरतं. आपण काहीच भरायचं नाही. मागणी बँकेनं करायची असते, पोर्टलवर, कॅनरा बँक त्यासाठी नोडल आहे, म्हणजे सगळ्या बँकांच्या मागण्या तिच्याकडे जातात. २०१८ नंतरच्या कर्जांना कॉलेजला नॅक किंवा कोर्सला एनबीएची मान्यता लागते, माझं त्याआधीचं. माझ्या शाखेनं पाच वर्षांत एकदाही मागणी केली नव्हती. का, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मुद्दाम कुणी केलं असेल असं मला वाटत नाही. त्या शाखेत पाच वर्षांत चार मॅनेजर बदलले आणि पीककर्जाच्या हंगामात तिथं उभं राहायला जागा नसते. पण भरत आम्ही होतो.

काकांनी अजून तीन गोष्टी दाखवल्या. एक, मुदत. आदर्श योजनेत फेडीला पंधरा वर्षांपर्यंत मुदत देता येते. माझ्या पत्रात साठ महिने छापले होते आणि आम्ही अंगठा दाबल्यासारखी सही केली होती. दोन, बऱ्याच सरकारी बँका मुलींना अर्धा टक्का सूट देतात, माझ्या बँकेच्याही परिपत्रकात होती, माझ्या खात्याला लावलेली नव्हती. तीन, आणि याचं मला सगळ्यात वाईट वाटलं. नोकरी नसेल किंवा अगदी तुटपुंजी असेल तर कर्जाच्या आयुष्यात दोन-तीनदा हप्त्याला विराम मागता येतो, आणि सुरुवातीला लहान, पुढं मोठा असा चढता हप्ताही मागता येतो, अशी तरतूद त्याच आदर्श योजनेत आहे. बँकेवर सक्ती नाही. पण मागायला हवं. जुलै ते डिसेंबर २०२२ मध्ये मी घरी बसून होते तेव्हा एक अर्ज दिला असता तर कदाचित आईची पोत गेली नसती. मी अर्ज दिला नाही, कारण बँकेसमोरून जातानाही मला लाज वाटायची.

मग त्यांनी विचारलं, "आज हप्ता चुकून किती दिवस झाले?"

आम्ही बोटं मोजली. एप्रिलच्या पाच तारखेपासून. ऐंशीच्या वर.

त्यांचा चेहरा पहिल्यांदा बदलला. नव्वद दिवस ओलांडले की खातं अनुत्पादित होतं, म्हणजे बँक ते बुडायच्या वाटेवरचं धरते, मग मुदत वाढवणं, सूट, काहीही मागायला गेलं की दारच लहान होतं. "बाकी सगळं मागून. आज घरात काय आहे विकाले?"

घरात कापूस होता.

दुसऱ्या दिवशी बाबांनी चार क्विंटल काढला. ६,९०० नं गेला. वर्षभर ज्याची राखण केली, जो अंगाला चावला, तो असा गेला. बाबा काही बोलले नाहीत, फक्त काट्याची पावती दोनदा वाचली. दोन हप्ते भरले, नव्वद दिवस टळले. ज्या माणसाचे १,१०,००० होते त्याला उरलेला कापूस विकून दिले. पेरणी कृषी केंद्रातून उधारीवर झाली. ती उधारी किती टक्क्यानं पडते ते शेतकऱ्याच्या घरी विचारा.

आता अर्ज. काकांनी तोंडी सांगितला, मी लिहिला, एकाच पानावर, मराठीत. पाल्हाळ लावू नको, रडगाणं नको, म्हणाले. खाते क्रमांक, मंजुरीची तारीख, आणि तीन मागण्या: अनुदानाची मागणी का केली नाही याचा लेखी खुलासा करून ती रक्कम जमा करावी, फेडीची मुदत वाढवावी, मुलींसाठीची सूट मंजुरीच्या तारखेपासून लावावी. सोबत दाखल्यांच्या प्रती. दोन प्रती काढायच्या, एक द्यायची, दुसरीवर शिक्का, सही आणि तारीख घ्यायची. "ही पोच म्हणजे तुहं हत्यार," म्हणाले.

शाखेत क्लार्कनं अर्ज घेतला, वाचला आणि बाजूला ठेवला. "ठीक आहे, या तुम्ही."

मी म्हटलं, पोच हवी.

"पोच-बिच देत नाही आम्ही. साहेब मीटिंगला गेलेत."

मी परत फिरले असते. खरं सांगते, मी वळलेच होते. बाबा मागे उभे होते, टोपी हातात. आयुष्यात कधी बँकेत आवाज चढवला नसेल त्यांनी, तेव्हाही चढवला नाही. म्हणाले, "साहेब, पोच द्या. आम्ही कापूस देतो तं काट्याची पावती घेतो. सोसायटीत शंभर रुपये भरले तरी पावती घेतो. पोरीनं कागद देल्ला, तं त्याची पोच पाह्यजे. मी बसतो इथीसा. साहेब येऊ द्या."

आणि बसले. पासबुक भरायच्या मशीनजवळ, जमिनीवर. खुर्ची रिकामी होती तरी. पंधरा मिनिटांत शिक्का मिळाला.

पुढचं लवकर सांगते, कारण त्यात वाट पाहण्याशिवाय फारसं काही नव्हतं. आठ दिवसांनी तोंडी उत्तर आलं: पोर्टल बंद झालं, मुदत वाढत नाही. लेखी द्या म्हटलं तर गप्प. बँकेला तीस दिवस द्यायचे असतात. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. २०२१ पासून सगळ्यांसाठी एकच योजना आहे, एकच पोर्टल, सीएमएस नावाचं. शून्य रुपये फी. १४४४८ या नंबरवर मराठीत बोलता येतं, मी बोलले. पोर्टल जमत नसेल तर साध्या पोस्टानं चंदीगडच्या केंद्राला पत्र चालतं. आणि त्यात वकिलामार्फत तक्रार चालतच नाही, म्हणजे "वर ओळख आहे" म्हणणाऱ्याची तिथं गरजच नाही. ऑगस्टमध्ये रात्रपाळीच्या जेवणाच्या सुटीत, कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये, मोबाईलवरून मी ती तक्रार भरली. पोचेचा फोटो जोडला. तो नसता तर तक्रार पहिल्याच पायरीवर अडली असती, कारण बँकेला आधी लेखी कळवलं होतं का, हे ते पहिलं विचारतात.

सहाएक आठवड्यांनी शाखेतून फोन आला. "मॅडम, तक्रार कशाला केली? आम्हाला सांगायचं होतं."

मी काही बोलले नाही. फोन ठेवल्यावर हसले मात्र पुष्कळ.

नोव्हेंबरमध्ये १,३६,५०० खात्यात जमा झाले, त्यावर बँकेनं लावलेलं व्याजही परत. पहिल्या वर्षाचे १०,५०० नाही मिळाले. त्या वर्षीचा दाखला आम्ही उशिरा दिला होता आणि उशिरा दिल्याची नोंद त्यांच्याकडे होती. (बघा, त्यांच्याकडेही पोच होती.) अर्धा टक्का सूट लागली. बाकी राहिली ३,२५,००० च्या आसपास.

आता मुदत किती घ्यायची, हे मी ठरवायचं होतं. इथं लोक चुकतात, मीही चुकणार होते. साहेब आता फारच मवाळ झाले होते, म्हणाले पंधरा वर्षं करून घ्या, हप्ता साडेतीन हजारांवर येईल. ऐकायला गोड. मी रात्री बसून हिशेब केला. दहा टक्क्यांनी पंधरा वर्षांत ३,४९२ च्या हप्त्यानं एकूण ६,२८,००० च्या वर भरावे लागतात. दहा वर्षांत ४,२९५ च्या हप्त्यानं ५,१५,०००. सात वर्षांत ५,३९५ च्या हप्त्यानं ४,५३,०००. हप्ता हलका केला की कर्ज जड होतं, दुसरा काही चमत्कार नाही. मी सात वर्षं घेतली. ११,७५७ वरून ५,३९५. ज्याला घरी पैसे पाठवावे लागतात किंवा ज्याचा पगार दहा हजार आहे त्यानं बिनधास्त पंधरा घ्यावी. हातात आले की जास्तीचे भरता येतात, बदलत्या व्याजदराच्या अशा कर्जाला मुदतीआधी फेडीचा दंड बँक लावू शकत नाही.

नंतर एक गोष्ट मी स्वतःच शोधली, काकांनाही सांगितली. माझं कर्ज २०१७ चं, म्हणजे जुन्या एमसीएलआरला, बँक स्वतःच्या खर्चावरून ठरवते त्या दराला, बांधलेलं. २०१९ पासूनची नवी कर्जं बाहेरच्या दराला जोडलेली असतात, जसं रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो दर, आणि जुन्यांनाही तिकडे जाता येतं. मी २०२४ मध्ये अर्ज देऊन गेले. पोच घेऊन, हे सांगायला नकोच. फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो साडेसहा टक्के होता तो उतरायला लागला, डिसेंबरपर्यंत सव्वापाचवर आला. दर वाढला की हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारायचं असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३ मध्येच बँकांना सांगितलंय. दर उतरला तेव्हा मी हप्ता तोच ठेवला, मुदत आवळली.

आयकरात या व्याजावर सूट मिळते, ती आठ वर्षं आणि जुन्या करपद्धतीतच. माझ्या पगाराला आयकर लागत नाही, तेव्हा तो विषय संपला.

माझा एक मावसभाऊ अमेरिकेत आहे. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, तिथं सरकारी कर्जाचा हप्ता पगाराच्या प्रमाणात ठरवून घेता येतो, अर्ज फुकट असतो, आणि तिथंही त्याच अर्जाचे पैसे उकळणाऱ्या कंपन्यांचा सुळसुळाट आहे. म्हणजे बस स्टँडजवळचं दुकान तिकडंही आहे. पगारावर ठरणारा हप्ता मात्र आपल्याकडे नाही. असता तर २०२३ मधला माझा हप्ता काय आला असता, हे मी एकदा काढून पाहिलं होतं. मग वही मिटली.

आता रविवारी गावी असले की कुणी ना कुणी पिशवी घेऊन येतं. बियाण्याची रिकामी पिशवी, त्यात सगळे कागद. शेजारच्या गावातली नर्सिंग झालेली एक मुलगी आली होती, लोकअदालतीची नोटीस घेऊन. घरात रडारड, कोर्टाचा कागद म्हणजे आता जप्ती असं समजून. तिला मी तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे नेलं. तिथं बाईमाणसाला उत्पन्न कितीही असो, वकील फुकट मिळतो. १५१०० हा त्यांचा नंबर. वकिलानं नोटीस वाचून सांगितलं की अजून दावाच दाखल नाही, हे तडजोडीचं बोलावणं आहे, जाऊन बोल, पण पटल्याशिवाय सही करू नको, कारण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं. तिनं हप्ते पाडून घेतले. वसुलीवाला तिला रात्री नऊला फोन करायचा. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर त्याला फोन करता येत नाही हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मंग मी एवढे दिवस कायले उचलत होती वं?" बारावीची पोरं पीएम-विद्यालक्ष्मी या केंद्राच्या नव्या शैक्षणिक कर्ज योजनेचं विचारतात. त्यात उत्पन्नाची मर्यादा आठ लाख आहे, दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत आहे, पण निवडक नामांकित संस्थाच त्यात आहेत. आमच्याकडची पोरं जातात ती बहुतेक कॉलेजं त्या यादीत नाहीत. कॉलेजचं नाव आधी यादीत पाहा, मग फॉर्म भरा, एवढंच सांगते.

आणि सगळ्यांना म्हणते, वर्षातून एकदा सिबिलचा अहवाल फुकट मिळतो तो काढा. स्वतःचा आणि बापाचाही. बाबांचा मी दर जूनच्या आधी काढते. त्यांचं पीककर्ज २०२३ मध्ये ऑगस्टला मिळालं, पेरणी होऊन दोन महिन्यांनी. त्यानंतर अडलं नाही.

पत्र्याच्या पेटीत आता सातबाऱ्याच्या वर माझी पोच आहे, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेली. परवा बाबांनी ती काढली, शिक्का पुन्हा पाहिला आणि म्हणाले, "ते पह्यल्या सालचे साडेदहा हजार राह्यले नं वं?"

म्हटलं, हो, ते गेले बाबा. आपणच दाखला उशिरा दिला होता.

"तरी एक अर्ज करून पाय."

मी म्हटलं, त्याचा काही उपयोग नाही.

"पोच तं भेटन," म्हणाले, आणि पेटी लावली.